स्विंडन : भोंग्यावर उठणारं गाव

रुळावरचा_पाऊस

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज सुट्टी आहे आणि बाहेर पाऊस लागलाय म्हणून बसलो एकदाचा.

मी गेली चौदा वर्षं स्विंडनला राहतो. लंडनहून ब्रिस्टलला जाणाऱ्या रेल्वेवर मधे लागतं ते. भारतातून नातेवाईक आले की बाथला जातात, ऑक्सफर्डला जातात, स्टोनहेंज बघून येतात आणि रात्री झोपायला आमच्याकडे. स्विंडनसुद्धा बघायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मलाही पहिली दोन वर्षं काही कळलं नव्हतं. गाव कळलं ते शेजारच्या आजोबांमुळे. ते गेल्या वर्षी गेले. त्यांनी सांगितलेलं माझ्या डोक्यातून निसटायच्या आत कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून हा धागा काढतोय.

आमची ओळख कुंपणावरून झाली. बोलता बोलता मी म्हटलं की माझे वडील मुंबईला परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते. आजोबा हातातली कात्री तिथेच ठेवून घरात गेले आणि एक पितळी बिल्ला घेऊन आले, नंबर कोरलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. ते पण फिटर. पंधराव्या वर्षी उमेदवारीला लागलेले. बाबांचा बिल्ला आमच्याकडे अजून देवाच्या फळीवर आहे हे मी त्यांना सांगितलं, आणि तिथून पुढे जवळजवळ दर रविवारी चहा ठरलेला.

आता थोडा इतिहास. मूळ स्विंडन म्हणजे टेकडीवरचं छोटं बाजाराचं गाव, १०८६ च्या डोम्सडे नोंदीत (इंग्लंडातली जमीनजुमल्याची जुनी नोंदवही) सापडतं, आणि नावाचा अर्थ डुकरांची टेकडी. त्याला आता ओल्ड टाउन म्हणतात. टेकडीखाली नुसती शेतं होती. ग्रेट वेस्टर्न रेल्वे लंडन ते ब्रिस्टल लाइन टाकत होती, ब्रुनेल मुख्य इंजिनिअर, आणि इंजिनांचा कारभार बघायला डॅनियल गूच नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा. १८४० मध्ये या गूचने ब्रुनेलला पत्र लिहून सांगितलं की कारखाना स्विंडनला टाका. कारण अगदी व्यवहारी होतं. लंडनपासून इथपर्यंत रूळ जवळजवळ सपाट, इथून पुढे ब्रिस्टलकडे चढउतार, म्हणजे इंजिन बदलायला हीच जागा. चेल्टनहॅमचा फाटा इथेच फुटणार होता. आणि शेजारून कालवा जात होता, त्यातून कोळसा येणार. (ब्रुनेलने सँडविच फेकलं आणि ते जिथे पडलं तिथे कारखाना उभा राहिला अशी गोष्ट इथे पोरांना सांगतात. गोष्ट गोड आहे पण गूचचं पत्र खरं आहे.) जानेवारी १८४३ मध्ये कारखाना सुरू झाला.

मग कामगारांना राहायला घरं बांधली, साधारण तीनशे, सगळी दगडी, ओळीने. ही रेल्वे व्हिलेज आजही जशीच्या तशी उभी आहे. गल्ल्यांची नावं बघा, ब्रिस्टल स्ट्रीट, बाथ स्ट्रीट (आता बाथॅम्प्टन स्ट्रीट), टॉन्टन स्ट्रीट, एक्सेटर स्ट्रीट, लंडन, रेडिंग, ऑक्सफर्ड. ट्रेन जिथे जिथे जाते ती सगळी नावं. आपण रोज ज्या गाडीचं चाक बनवतो ती कुठे पोचते हे घराच्या पत्त्यातच लिहिलेलं. घरांच्या मागे अरुंद बोळ असतात, त्यांना इथले लोक बॅकसीज म्हणतात, पोरं तिथेच खेळून मोठी व्हायची.

कारखान्याला कुणी कारखाना म्हणत नसे. "आत" म्हणायचे. नवरा कुठे असतो तर आत. पोरगा शाळा सुटल्यावर कुठे जाणार तर आत. ऐन भरात असताना १४ हजारांवर माणसं आत होती. आजोबा, त्यांचे वडील, दोन्ही काका, सासरे, सगळे आत. दिवस सुरू व्हायचा तो भोंग्याने. भोंगा आसपासच्या खेड्यांत मैलोनमैल ऐकू जायचा. आजोबा सांगायचे, आईने कधी घड्याळ बघून चूल पेटवली नाही. पहिला भोंगा झाला की केटल, दुसरा झाला की बाप दाराबाहेर, आणि मग रस्त्यावर नुसत्या टोप्या आणि सायकली, पूर यावा तशा. व्हिलेजमधून रुळांखालून कारखान्यात जायला एक बोगदा आहे, त्यातून ती सगळी माणसं आत जायची. तो बोगदा अजून आहे. आता पलीकडे निघालं की शॉपिंग मॉल लागतो, १९९७ पासून. मी आजोबांबरोबर एकदाच त्यातून गेलो. मधे थांबले, भिंतीला हात लावला, म्हणाले इथे बोललेलं कुणाला ऐकूच यायचं नाही, एवढे बूट वाजायचे. सगळ्या बुटांना खालून नाल.

भोंग्यावरून एक भांडणही झालंय. १८७० च्या दशकात शेजारच्या लिडियर्ड पार्कचे उमराव, व्हायकाउंट बोलिंगब्रोक, यांनी सरकारकडे तक्रार केली की पहाटेच्या भोंग्याने झोपमोड होते. उलट बाजूने हजारो कामगारांनी भोंगा हवाच म्हणून सह्या केल्या. उमरावाचं ऐकून परवाना रद्दसुद्धा झाला होता. तरी भोंगा वाजत राहिला, तो २६ मार्च १९८६ पर्यंत. त्या दिवशी कारखाना बंद झाला आणि शेवटचा भोंगा लांबलचक वाजवला. आजोबांनी तो आत उभं राहून ऐकला. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यानंतर काय केलं असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच वेळेला जाग आली आणि मी पडून राहिलो.

ट्रिपबद्दल, दवाखान्याबद्दल लिहायचंय अजून, खाली प्रतिसादात लिहितो. तुमच्यापैकी कुणी इथे राहिलं असेल किंवा आपल्याकडच्या रेल्वे गावांच्या आठवणी असतील तर जरूर टाका.

---

चाळकरी

वाचताना अंगावर काटा आला. आम्ही लालबागचे. आमच्याकडे प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा ओळखू यायचा, आजी आवाजावरून सांगायची हा कुठला ते. "भोंगा झाला, उठा" हेच आमचं गजराचं घड्याळ. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मग हळूहळू भोंगे गेले. मी तेव्हा सातवीत. शाळेला उशीर व्हायला लागला होता हे मला आठवतंय, आणि आई रागावायची नाही. तुमच्याकडे १९८६, आमच्याकडे त्याच्या चार वर्षं आधी. आणि मॉल पण दोन्हीकडे.

---

भुसावळकर

रेल्वे कॉलनीत वाढलो, त्यामुळे "आत" हा शब्द एकदम कळला. आमच्याकडे "शेडला गेलेत" म्हणायचे.

एक विचारायचं होतं, ब्रुनेलनेही ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधे जास्त अंतर ठेवून लाइन टाकली होती ना, तो आणि आपला ब्रॉडगेज एकच का?

---

रुळावरचा_पाऊस

भुसावळकर, नाही. आपला साडेपाच फुटी. ब्रुनेलचा सात फूट पाव इंच, त्याहून खूपच रुंद. बाकी इंग्लंडात चार फूट साडेआठ इंच. जिथे दोन गेज भेटायचे तिथे सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायला लागायचा. शेवटी मे १८९२ मध्ये उरलेला सगळा ब्रॉडगेज एका शनिवार-रविवारात बदलला, हजारो माणसं रुळांवर उतरवून. आणि मग ती बिनकामाची झालेली इंजिनं-डबे सगळे स्विंडनला आणून उभे केले, त्यासाठी मैलच्या मैल जादा रूळ टाकले होते. त्याचे फोटो आहेत, शेतात इंजिनांच्या रांगाच रांगा, काही मोडायला, काही अरुंद गेजची करून परत वापरायला. मला तो फोटो बघवत नाही, का ते सांगता येत नाही.

आता ट्रिप. वर्षातून एकदा, जुलैत, कारखाना बंद आणि सगळं गाव फुकट ट्रेनने समुद्रावर. सुरुवात १८४९ ला झाली, पाचेकशे माणसं ऑक्सफर्डला गेली होती. पहिल्या महायुद्धाच्या आधी हा आकडा वीस हजारांच्या वर गेला होता, म्हणजे अर्धं गाव. स्टेशनवर एवढ्या गाड्या मावायच्या नाहीत म्हणून कारखान्याच्या यार्डातूनच सुटायच्या, तिथे फलाट नाही, मग बायका-पोरांना शिड्या लावून डब्यात चढवायचे, अंधार असतानाच. आजोबांची आजी लांब झग्यात शिडी चढायला घाबरायची म्हणून खालून दोघे वरून दोघे. वेमथला एवढी माणसं जायची की त्याला "समुद्रावरचं स्विंडन" म्हणायचे. म्हणजे घरी ज्या शेजारणीशी भांडण, तीच तिकडे वाळूवर शेजारी.

पण ही सुट्टी बिनपगारी होती हे विसरू नका. १९३८ च्या सुमारास पगारी सुट्टीचा कायदा झाला तोपर्यंत ट्रिपहून आल्यावर घरात दमडी नसायची. कंपनी पास फुकट द्यायची, आठवड्याचा पगार नाही. आजोबांची आई वर्षभर डब्यात नाणी टाकायची आणि तरी परत आल्यावरचा आठवडा पाव आणि चरबीवर काढायचे.

---

उनाड_वारा

मस्त धागा. मी स्विंडनला दोन वर्षं कामाला होते, आणि माझी तिथली आठवण म्हणजे लार्डी केक. पिठात डुकराची चरबी, साखर आणि मनुका घालून घड्या घालतात, खाली साखरेचा पाक होऊन चिकट कडक थर बसतो. थंडीत गरम गरम. शाकाहारी मंडळींनी लांब राहावं.

आणि मॅजिक राउंडअबाउट!! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाच छोटे गोल चौक एका मोठ्या चौकाभोवती, आणि मधल्या भागात गाड्या उलट्या दिशेने फिरतात. १९७२ पासून आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी बाजूला गाडी लावून दहा मिनिटं नुसती बघत बसले, तर कळलं की कुणी थांबतच नाही, सगळे एकमेकांना वाट देत सरकत राहतात. एकदा समजलं की खूप सोपं आहे आणि खरंच ट्रॅफिक तुंबत नाही. शेजारीच स्विंडन टाउनचं फुटबॉल ग्राउंड. तिथे १९६९ चं अजून बोलतात लोक, तिसऱ्या डिव्हिजनचा संघ असताना वेम्बलीला आर्सेनलला ३-१ ने हरवून लीग कप आणला होता.

---

म्हापशेकार

माझा धाकटा भाऊ कुटुंबासकट स्विंडनला असतो म्हणून मुद्दाम लिहितोय. या गावाचा दुसरा इतिहास आमच्या लोकांचा आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, आणि पोर्तुगाल युरोपियन युनियनमध्ये, ब्रिटनही तेव्हा त्यातच होता, त्यामुळे २००० नंतर हजारो गोंयकार पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला उतरले. का स्विंडन? पहिले काही गेले, गोदामांत काम मिळालं, त्यांनी भावाला बोलावलं, भावाने मेव्हण्याला. आता तिथे कोंकणीत मिस्सा (चर्चची प्रार्थना) होते, तियात्र (आमची कोंकणी नाटकं) गोव्याहून येऊन प्रयोग करून जातात, दुकानात चोरीस (गोव्याचं सॉसेज) आणि सुकं बांगडं मिळतं.

भाऊ त्या रेल्वे गल्ल्यांजवळच राहायला होता सुरुवातीला, एका घरात तीन कुटुंबं. रात्रपाळी. त्याची बायको म्हापशाला शिक्षिका होती, तिकडे गोदामात पॅकिंग करते. आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारते जेवलास का, आणि तिच्या मागे आमच्या वाड्यावर सहा घरं बंद आहेत. स्विंडनचं गेलं ते कारखान्याबरोबर गेलं, आमचं माणसांबरोबर चाललंय.

---

रुळावरचा_पाऊस

म्हापशेकार, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या गल्लीत चार गोवेकर घरं आहेत. आजोबांना शेवटच्या आजारपणात रोज सूप आणून देणारी बाई कुंकळ्ळीची होती, त्या दोघांना एकमेकांचं निम्मं इंग्रजी कळायचं नाही तरी तास तास बसायचे.

---

स्पष्टवक्ता_नागपूर

सगळं छान आहे पण थोडं दुसरंही लिहा. कारखान्याबद्दल एवढं हळवं होताना तिथे माणसं काय श्वासात घेत होती तेही सांगा. बॉयलरला आणि डब्यांना ॲस्बेस्टॉस लावायचे. त्यातून होणाऱ्या फुफ्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरला तिकडे "स्विंडनचा आजार" असंच नाव पडलंय, तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. बॉयलर शॉपमधली माणसं तर रिव्हेट ठोकून ठोकून ऐन तारुण्यात बहिरी व्हायची, ओठांवरून बोलणं ओळखायची.

---

रुळावरचा_पाऊस

बरोबर बोललात, आणि मी ते मुळात लिहायला हवं होतं. आजोबांच्या तोंडी हे कायम असायचं. त्यांच्याबरोबर उमेदवारीला लागलेल्यांची एक यादी ते मनातल्या मनात ठेवून होते, आणि ती वाचताना प्रत्येक नावापुढे ते "छाती" म्हणायचे, नाहीतर नुसती मान हलवायचे.

पण याच गावाने औषधपाण्याचं जे केलं ते पण ऐका. १८४७ मध्ये मेडिकल फंड सुरू झाला. प्रत्येकाच्या पगारातून दर आठवड्याला थोडे पैसे कापायचे आणि त्यात अख्ख्या कुटुंबाचा डॉक्टर. पुढे १८७१ ला स्वतःचं छोटं हॉस्पिटल, मग १८९० च्या दशकात मिल्टन रोडवर मोठी इमारत, त्यात दवाखाना, पोहायचे तलाव, टर्किश बाथ, पुढे दाताचे डॉक्टरपण. हात-पाय गेलेल्यांना कृत्रिम पाय कारखान्यातच बनवून द्यायचे, ज्याच्या शेजारी उभं राहून काम केलं त्यानेच पाय घडवला असं. १९४८ ला एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) आली तेव्हा तिच्या आधी शंभर वर्षं या गावात ती छोट्या प्रमाणात चालू होती, आणि ती आणणारे आरोग्यमंत्री ॲन्युरिन बेव्हन यांनीही हे मान्य केलं होतं असं इथे सांगतात. आजोबा सांगायचे, त्यांचा जन्म "फंडातला", त्यांचे दात "फंडातले", आजीचा चष्मा "फंडातला". स्वतःच्या खिशातून भरलेलं होतं म्हणून ते नाव घेताना त्यांचा आवाज बदलायचा.

तसंच मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. लायब्ररी, नाटकाचं थिएटर, वाचनवर्ग, पोरांची जत्रा, सगळं कामगारांनी चालवलेलं, इमारत १८५५ ची. कारखाना गेला तेव्हापासून ती ओस आहे, मधे आगही लागली. व्हिलेजच्या बरोबर मधोमध छपराला भगदाड असलेली इमारत. त्यासमोरून रोज जातो मी आणि रोज राग येतो. एवढं मोठं शहर झालंय आणि एक छप्पर नीट करता येत नाही.

---

शब्दवेडी

स्विंडन म्हटल्यावर मला एकच माणूस आठवतो आणि त्याचा उल्लेख अजून कुणी केला नाही याचं आश्चर्य वाटतंय. आल्फ्रेड विल्यम्स. जन्म १८७७, जवळच्या साउथ मार्स्टन खेड्यातला. याच कारखान्यात तेवीसेक वर्षं वाफेच्या घणावर काम केलं, हॅमरमन. रोज खेड्यातून चालत यायचा, मैलोनमैल. आणि घरी जाऊन लॅटिन, ग्रीक शिकायचा, आपलं आपण. घणाच्या यंत्रावर खडूने ग्रीक शब्द लिहून ठेवायचा, लोखंड तापेपर्यंत पाठ करायला. कारखान्यातल्या आयुष्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक १९१५ ला आलं, इतकं खरं की वरिष्ठांना आवडलं नाही.

पण आपल्यासाठी महत्त्वाचं पुढचं आहे. महायुद्धात तोफखान्यात भरती होऊन तो भारतात आला, रानीखेतला होता. परत गेल्यावर बायकोबरोबर स्वतःच्या हाताने घर बांधलं, पडक्या कालव्याच्या विटा वाहून आणून, आणि घराचं नाव ठेवलं रानीखेत. आणि मग संस्कृत शिकायला घेतलं. पन्नाशीच्या जवळ, तब्येत खलास, पैसे नाहीत. पंचतंत्रातल्या गोष्टींचं इंग्रजी केलं. १९३० च्या एप्रिलमध्ये तो गेला, पुस्तक नंतर आलं, छापलेलं त्याने पाहिलं नाही.

मी संस्कृत शिकवते. दरवर्षी कुणीतरी पोरगा विचारतो याचा उपयोग काय, तेव्हा मी या माणसाबद्दल सांगते आणि पुढे काही बोलत नाही.

---

चाळकरी

शब्दवेडीताई, हे माहीतच नव्हतं. आमच्या चाळीत एक साचेवाले (गिरणीत मागावर काम करणारे) होते, रात्रपाळी करून येऊन सकाळी ज्ञानेश्वरी वाचायचे मोठ्याने. झोपायचे कधी कुणास ठाऊक. ते आठवले.

---

रुळावरचा_पाऊस

शब्दवेडी, तुम्ही साउथ मार्स्टन म्हणालात म्हणून सांगतो. त्याच गावच्या शिवेवर होंडाचा मोटारींचा कारखाना होता. रेल्वे कारखाना गेला त्याच सुमाराला तो आला, आजोबांच्या बरोबरीचे काही तरुण फिटर तिकडे लागले. तोही जुलै २०२१ ला बंद झाला. म्हणजे एकाच घरात बाप १९८६ ला घरी बसला आणि मुलगा २०२१ ला, अशी माणसं इथे आहेत. माझ्या ओळखीची दोन घरं आहेत.

आणखी एक राहिलं. १९६० च्या मार्चमध्ये ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन स्विंडनमधून बाहेर पडलं, ईव्हनिंग स्टार, नंबर ९२२२०. त्या प्रकारची बाकी इंजिनं काळी, याला मात्र हिरवा रंग आणि धुराड्याला तांब्याची कड, जुन्या ग्रेट वेस्टर्नसारखी. आजोबा अठरा वर्षांचे होते. त्यांच्या वाट्याला आलेलं काम म्हणजे पाइपच्या काही जोडण्या, कुणाला दिसणारही नाहीत अशा जागी. इंजिन आता यॉर्कच्या रेल्वे म्युझियमकडे आहे. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना यॉर्कला घेऊन गेलो होतो. गुडघे धरून खाली वाकले, चाकांच्या मधून बोट दाखवलं आणि म्हणाले ते बघ, तिथे. मला काहीच दिसलं नाही, अंधार होता, तरी मी हो म्हटलं.

---

भुसावळकर

😢 फोटो असतील तर टाका दादा.

---

रुळावरचा_पाऊस

बोगद्याचे आणि व्हिलेजचे आहेत, रविवारी टाकतो. बिल्ल्याचा पण टाकेन, त्यांच्या मुलीने तो मला दिला. सध्या बाबांच्या बिल्ल्याशेजारी फळीवरच ठेवलाय. भुसावळकर, तुमच्या शेडच्या आठवणी पण येऊ द्या की, भोंगा होता का तिकडे? घरी कुणा मोठ्या माणसाला विचारून लिहा.